आमचा गवई गप्प आहे

प्रिय चष्मेवाल्या,

मी गवयाची आई. एवढं वाचूनच हा कागद फाडावासा वाटेल तुला. फाड, पण वाचून झाल्यावर. आमच्या घरात तुझं नाव चष्मेवालाच आहे, तेव्हा मीही तेच लिहिते. आणि माझ्या लेकाचं गवई हे नाव तर ह्यांनी ठेवलेलं, जन्मल्याबरोबर त्यानं अख्खं प्रसूतिगृह डोक्यावर घेतलं म्हणून.

गंमत बघ, तुमची गाठ मीच घातली. सुईत दोरा ओवता येईना, म्हणून तू कामाला होतास त्या चष्म्यांच्या दुकानात तो मला घेऊन आला. तू भिंगं बदलत "काकू, हे बरं की ते?" विचारत होतास आणि मी दर वेळी "दोन्ही बरी" म्हणत होते. मागच्या स्टुलावर बसून तो पोट धरून हसत होता. पुढच्या महिन्यात आईचा चष्मा सैल झालाय म्हणून तो चारदा तुझ्याकडे आला. माझा चष्मा पहिल्या दिवसापासून घट्ट बसत होता रे. शिवणाऱ्या बाईला कापडातला एक धागा सरकलेला दिसतो, आणि पोटचं पोर इतकं आनंदात आहे ते दिसू नये?

दोन वर्षांनी एका रविवारी, उपासनेहून आल्यावर, जेवणाच्या टेबलाशी त्यानं सांगितलं. गणित शिकवतो ना शाळेत, तसंच पायरी पायरीनं. "मी समलिंगी आहे. चष्मेवाल्यावर माझं प्रेम आहे. देवाला मी हे केव्हाच सांगितलंय, तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं." हे उठले, हात धुतले आणि सुट्टी असून बस डेपोत निघून गेले. मी मात्र बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यानं तुलाही सांगितलं नसेल, दुसऱ्याचं झाकायची खोडच आहे त्याला.

मग आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले, तिथली वडीलमंडळी आली. माणसं वाईट नव्हती. त्याच्या डोक्यावर हात ठेवून ती खरोखर रडली. माझ्या एकतीस वर्षांच्या मुलाची मान त्या सगळ्या हातांखाली वाकलेली होती आणि मला वाटत होतं, चला, आता होईल सगळं ठीक. दूरच्या गावी एक प्रार्थनागृह आहे, चाळीस दिवस उपास आणि प्रार्थना, अशी मुलं तिथून बरी होऊन येतात, असं कुणीसं म्हणालं. तो दोन दिवस नको म्हणाला. तिसऱ्या दिवशी मी पदर पसरला. तेव्हा म्हणाला, "तुझ्यासाठी जातो, आई. देवानं मला असं काही सांगितलेलं नाही."

तो गेल्यावर नवव्या दिवशी तू आलास. भर दुपारी. मी साखळी न काढता फटीतूनच बोलले. तू म्हणालास, "काकू, त्याचा फोन लागत नाही. धुळीनं दम लागतो त्याला, आणि पंप माझ्याकडेच राहिलाय." तेवढ्याशा फटीतून तू तो दम्याचा पंप आत दिलास. मी घेतला, आणि वर तुला सांगितलं, "तो सुधारलाय. तुझं तोंड बघायचं नाही म्हणतो." तो असं कधीच म्हणाला नव्हता. तू नुसतं "बरं" म्हणालास आणि कठडा धरून, एखाद्या म्हाताऱ्यासारखा जिना उतरलास. पंप मी त्याला पाठवलाही नाही. तुझी आठवण नको म्हणून शिलाई मशीनच्या खणात टाकला. प्रार्थनागृहात त्याला दोनदा दम लागला. औषध मागितलं तर त्यांनी प्रार्थना वाढवली.

परत आला तेव्हा अंगावर शर्ट टांगल्यासारखा दिसत होता. तरी मी त्याच्यासाठी नवा शर्ट शिवला, कारण सगळ्या मंडळीसमोर त्याला साक्ष द्यायची होती. पुढे उभा राहून तो म्हणाला, "मी बरा झालोय." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग गायनमंडळात आपल्या जागी जाऊन उभा राहिला. ओठ हलत होते. आवाज नव्हता.

एकोणीस दिवसांपूर्वी, मंगळवारी सकाळी, शाळेची वेळ झाली तरी तो बाहेर येईना. ह्यांनी न्हाणीघराचं दार खांद्यानं फोडलं. त्यानं काय केलं होतं ते विचारू नकोस, माझ्यानं लिहवणार नाही. वाचला. वाचला एवढंच वाच.

दवाखान्यात पाळकसाहेब भेटायला आले. जन्मात कधी उलटून न बोललेले हे, खोलीच्या दारात आडवे उभे राहिले. "साहेब, आत्ता तुम्ही जा." मग माझ्याशेजारी बाकावर बसून, आपल्या काळ्या पडलेल्या नखांकडे बघत म्हणाले, "तीस वर्षं इंजिनं दुरुस्त करतोय. चालू गाडी कधी खोलली नाही मी. ह्याला का खोलायला दिलं?"

मी तिथंच देवाशी भांडले. तोंडानं, मोठ्यानं, नर्स बघायला लागेपर्यंत. मी म्हटलं, सहा आठवड्यांचा होता तेव्हा तुझ्याच घरात नेऊन त्याच्या टाळूवर बाप्तिस्म्याचं पाणी घातलं. तेव्हा तू त्याचं फक्त नाव विचारलंस. मोठा झाल्यावर कुणावर प्रेम करेल ते विचारलं नाहीस, अट घातली नाहीस. मग अट आली कुठून? रडून रडून थकल्यावर कळत गेलं, की अट देवाकडून आलीच नव्हती. ती माझ्या तोंडातून आली होती. देवाची कृपा सगळ्यांसाठी असते असं मी लहान मुलांच्या वर्गाला बारा वर्षं शिकवलं, आणि घरच्या एकाला तेवढं वगळलं.

आता तो घरी आहे. डॉक्टर दर आठवड्याला बघतात, एकटा सोडू नका म्हणतात, म्हणून आम्ही पाळीपाळीनं बसतो. भरवलं तर दोन चमचे सूप घेतो. बोलत नाही. माझा जीव टांगणीला लागलाय रे. रस्त्यावर कुणी ओरडलं तरी हातातली कात्री पडते.

माझं आणखी एक पाप तुला ठाऊक नाही. प्रार्थनागृहातून आल्या आल्या त्यानं मला विचारलं होतं, "तो आला होता का?" मी म्हटलं, "एकदाही नाही. लग्न ठरलंय म्हणे त्याचं." त्यावर त्यानं परत कधी काही विचारलं नाही. काल सकाळी मी त्याच्या पलंगाशी जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाला, "म्हणजे आला होता." एवढंच बोलला, पण त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा. म्हणून हे पत्र. पोस्टावर माझा भरवसा नाही, आणि तेवढे दिवसही नाहीत. हा कागद तुझ्या हातात देऊन जो गप्प माणूस खाली पायरीवर जाऊन बसलाय, तो गवयाचा बाप आहे. तू दुकान आणि गाव सोडून गेल्यावरचा हा नवा पत्ता त्यांनीच दुकानमालकाकडून मिळवला. तुझं दुसरीकडे जुळलं असेल, माझा राग असेल, तर त्यांना पाणी दे आणि परत पाठव. ते एक शब्द बोलणार नाहीत. पण मनात थोडं काही उरलं असेल, तर उत्तर लिहीत बसू नकोस. त्यांच्याबरोबर नीघ. त्यांनी परतीची दोन तिकिटं काढली आहेत.

तुझीच म्हणायचा हक्क त्या दुपारी घालवलेली,
गवयाची आई