पाण्याच्या बातमीऐवजी बासरी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि रेडिओवरचा माझा आवाज मात्र तू शेजारच्यांनाही ऐकवतेस, म्हणून लिहायला बसलो. (पत्र पोस्टात न टाकता मेहुण्यांबरोबर आजच पाठवतोय. ते चहा घेतल्याशिवाय हलणार नाहीत, हे धरून चाल.)

गेले काही दिवस सकाळी पाण्याच्या बातमीऐवजी बासरी का लागते, असं तू विचारलंस. मुळापासून सांगावं लागेल, तेव्हा पाय वर घेऊन बस. आमच्या केंद्राला सरकारी म्हणावं तर सरकार म्हणतं, तुमचं तुम्ही बघा. आणि स्वतंत्र म्हणावं तर साधी खुर्ची परवानगीशिवाय हलत नाही. अनुदान आटलं तेव्हा साहेबांनी पाण्याच्या बातमीला प्रायोजक गाठला, फिल्टर विकणारा. माणूस गोड. रोज स्टुडिओत डोकावून विचारायचा, आज जरा गढूळ म्हणता नाही का येणार? पाणी चांगलं निघालं की बिचाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. शेवटी त्यानं अंग काढून घेतलं आणि नगरपालिका पुढे आली. तिला पाणी बारा महिने निर्मळ हवं. नळ तोच, पाणी तेच, अहवाल पाठवणारी प्रयोगशाळेतली बाईही तीच. पण पैसे देणारा बदलला की मला विशेषण बदलायला सांगतात. मी एकदाही बदललं नाही. (तुला पटायचं नाही, कारण लहानपणी मी तुझ्या डब्यातले लाडू मोजताना काय करायचो ते तुला माहीत आहे.)

त्यात नियामक मंडळाचं फर्मान आलं, वादग्रस्त विषयात दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्या. नियम चांगलाच आहे गं, पण लावणाऱ्याला डोकं लागतं. आमच्या साहेबांनी घाबरून पाणीच वादग्रस्त ठरवलं. मागे तो कार्यक्रम तू ऐकलास ना? प्रयोगशाळेतली बाई म्हणाली, पाण्यात जंतू सापडलेत. आणि तेवढाच वेळ नगरपालिकेचा माणूस म्हणाला, आपलं पाणी हा आपला अभिमान आहे. जंतूंच्या वतीनं तेवढं कोणी आलं नाही. त्यावर तू चिठ्ठी पाठवलीस, मग प्यायचं की नाही? अख्ख्या केंद्रात तेवढा एकच शहाणा प्रश्न आला होता.

नगरपालिका मात्र रुसली. आमच्या पैशांची फाइल अडली, आणि ती सुटेपर्यंत बातमी बंद, बासरी चालू. साहेबांना शिव्या देऊ नकोस, आम्हा सगळ्यांच्या चुली त्या फाइलवर आहेत. पण बासरीबद्दल एकाही श्रोत्याची तक्रार आली नाही, उलट कौतुक आलं. मला त्याचं फार वाईट वाटलं, आत्या.

आता म्हणे घरागणिक थोडी वर्गणी घ्यायची, ती बरीच वर्षं कुणी कमी-जास्त करायची नाही, आणि केंद्रावर देखरेख ठेवणारी माणसं पैसे देणाऱ्यांनी नेमायची नाहीत, असा विचार एका समितीत चाललाय. उद्या लोकच म्हणतील, आम्हाला बासरीच हवी, ही भीती मलाही आहे. तरी सगळ्या गावाला एकदम रुसायला वेळ लागतो. एकट्या पैसे देणाऱ्याला एक फोन पुरतो.

बाकी सर्व ठीक. बासरी खरंच छान वाजवलीय.

तुझा भाचा

ता. क. त्या वर्गणीबद्दल समिती श्रोत्यांची मतं मागवते आहे. तू तुझ्या तिखट भाषेत चार ओळी लिही. माझी आत्या म्हणून नको, नळाचं पाणी पिणारी म्हणून लिही.

ता. क. २ आणि पाणी उकळल्याशिवाय पिऊ नकोस. शेजारच्यांनाही आत्ताच सांग. बाईचा अहवाल सोमवारपासून माझ्या खिशात आहे.