पणजोबांना दाढी कशी आली

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण मोठी माणसं लिहितात. दुसरं कारण, गणिताच्या फेरपरीक्षेचा रिझल्ट सतरा तारखेला आहे आणि तोवर घरात कामात दिसणं गरजेचं आहे.
काम सापडलं. तीस तारखेला आजोबांना ऐंशी पूर्ण होतायत. आत्याने, म्हणजे बाबांची मोठी बहीण आणि सगळ्या घराची मॅनेजर, हॉल बुक केलाय. तिला हॉलमध्ये भिंतभर वंशवृक्ष हवाय. कोण करणार, असं तिने विचारलं. मी हात वर केला. बाबा म्हणाले, शाळेत कधी केला नाहीस तो.
संकल्प: सात दिवसांत सात पिढ्या. रोज एक. रविवारी सुट्टी.

४ मार्च, मंगळवार, सकाळी ११
जन्म-मृत्यू नोंदणीचं ऑफिस. तिथले क्लार्क म्हणजे गोंदकाका. नाव मी ठेवलंय. त्यांच्या बोटांवर कायम वाळलेला गोंद असतो आणि बोलताना ते तो सोलत बसतात. आजोबांचं जन्मसाल सांगितलं. एक जाडजूड वही समोर आदळली. म्हणाले, मागच्या-पुढच्या सालाच्या पण बघ, तेव्हा लोक तारखा अंदाजे सांगायचे.

११.४०
अकरा पानं झाली. शिंका सतरा. अक्षर असं की मुंग्या शाईत पडून घरी चालत गेल्यात.

१२.००
संशोधन पूर्ण. निष्कर्ष: नोंदी उपलब्ध नाहीत. गोंदकाका म्हणाले, एवढ्यात? मी म्हटलं, माझा वाचनाचा स्पीड जास्त आहे.

५ मार्च, बुधवार
वृक्ष काढून बघितला. आजोबा, खाली आत्या आणि बाबा, खाली मी. वृक्ष कसला, कुंडी.
आजोबांना त्यांच्या वडिलांबद्दल विचारलं. म्हणाले, मला चौथं लागलं तेव्हा गेले. खांद्यावर बसवून फिरवायचे एवढंच आठवतं. खांद्यावर बसलं की चेहरा दिसत नाही, टाळू दिसते. वडील कसे होते विचारलं तर मी टाळू सांगू शकतो.
फोटो नाही. कागद नाही. एवढं सांगून आजोबा भिंतीकडे बघत बसले. तशी त्यांना भिंतही नीट दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दोन वर्षं सगळे ऑपरेशन कर म्हणतायत. आजोबांचं एकच उत्तर, बघायचं राहिलंय काय, तुमचीच तोंडं.

७ मार्च, शुक्रवार
आयडिया.
मामाचा फोटो स्टुडिओ आहे. घरातलं माणूस गेलं आणि फोटो नसला की लोक मामाकडे येतात. मामा भावाचे डोळे घेतो, मुलाची हनुवटी घेतो, कुठला तरी कोट घालतो आणि माणूस तयार करतो. घरचे बघून रडतात. पण मामाचा नियम आहे, की त्या माणसाला बघितलेलं कोणीतरी शेजारी बसून हो म्हटल्याशिवाय प्रिंट मारायची नाही.
मामा दुपारी जेवायला घरी जातो. नियमही त्याच्याबरोबर जेवायला जातो.
आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात कारखान्याचं जुनं ओळखपत्र होतं. पॅकिंग खातं, वय सत्तावीस. त्यावरचा चेहरा उचलला. आजोबा जन्मभर गुळगुळीत दाढी करत आलेत, म्हणून भरघोस दाढी लावली. डोक्यावर टोपी. कोट एका नवरदेवाचा. सगळं तपकिरी केलं, दोन भेगा पाडल्या. पन्नास मिनिटांत पणजोबा.
ही फसवणूक नाही. शास्त्रीय अंदाज आहे.

८ मार्च, शनिवार
फोटो घरी नेला. म्हटलं, ऑफिसच्या जुन्या फायलीत सापडला.
मला वाटलं होतं की लोक हसतील, मग मी पण हसेन आणि विषय संपेल. कोणी हसलंच नाही. आत्या खुर्चीत बसली. म्हणाली, डोळे बघा, अप्पांचे डोळे अगदी यांच्यावर गेलेत. (आजोबांना आत्या आणि बाबा अप्पा म्हणतात.) बाबा म्हणाले, नाकसुद्धा. आई म्हणाली, कपाळ पण. मी म्हटलं, अगदी. खोटं एक अक्षर बोललो नाही.
आजोबांनी फोटो नाकाला लावला. मग खिडकीत नेला. म्हणाले, मला नुसती दाढी दिसते रे. हसतायत की चिडलेत? मी म्हटलं, दोन्ही. आजोबांनी मान हलवली. म्हणाले, असेल, माझंही तसंच होतं.
आता उगाच खरं सांगून कोणाचा मूड घालवण्यात अर्थ नाही.

१० मार्च, सोमवार
नुसता चेहरा पुरत नाही. लोक माहिती मागतात. आत्याने विचारलं, करायचे काय? तोंडातून निघून गेलं, विद्वान होते. सहा भाषा यायच्या. होतं नव्हतं ते वाटून टाकलं.
रात्रीच्या जेवणापर्यंत आत्याने ते आठ भाषांवर नेलं.
एक अडचण. बाबा आता माझ्याकडे बघून उसासा टाकतात. म्हणाले, असे पणजोबा आणि त्यांचा पणतू गणितात दुसऱ्यांदा बसतो. पणजोबा मी केले आणि बोलणी मलाच.

१२ मार्च, बुधवार
आत्या कामावर जाताना वाट वाकडी करून येते, फोटोला हात जोडते आणि जाते. तिची बदली रद्द झाली. ती म्हणते, यांच्यामुळे. आई दूध उतू गेलं नाही तरी फोटोकडे बघते.
आजोबांनी आजवर कोणापुढे हात जोडलेले मी बघितले नाहीत. म्हणायचे, मी कोणाकडे काही मागत नाही, मग हात कशाला अडकवू. ते आता सकाळी चहा घेऊन फोटोसमोर बसतात आणि हळू आवाजात बोलतात. मी दाराशी गेलो की थांबतात.

१४ मार्च, शुक्रवार
आजोबा ऑपरेशनला तयार झाले. म्हणाले, आयुष्यात एकदा वडिलांचं तोंड नीट बघतो, मग तुम्ही काय वाट्टेल ते करा. मंगळवारची वेळ मिळाली. आत्या रडली. बाबांनी माझी पाठ थोपटली. शेवटची पाठ थोपटली तेव्हा मला ठसका लागला होता.
दोन वर्षं सगळ्यांना जमलं नाही ते मी एका दुपारी केलं.

रात्री, दात घासताना
आजोबांना नीट दिसणार.

१५ मार्च, शनिवार
प्लॅन ए. आजोबांना समजावलं, की थोडं धूसर दिसणंही छान असतं, माणसं बरी दिसतात. आई मागे उभी होती. म्हणाली, अख्ख्या घराने दोन वर्षं डोकं फोडलं आणि हा निघालाय उलटं सांगायला. डॉक्टरांनी सांगितलंय, अजून सहा महिने घालवले तर ऑपरेशनचाही उपयोग नाही.
हे मला माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही.
आठवलं होतं. प्लॅन ए रद्द.

१६ मार्च, रविवार
उद्या रिझल्ट. घरात कोणी नव्हतं. फोटोला हात जोडले. श्रद्धा वगैरे नाही, प्रयोग. चेहरा कुठून आला हे मला माहीत आहे. तरी डोळे मिटल्यावर कोणीतरी ऐकतंय असं वाटलं. आठ भाषा येणाऱ्या माणसाला गणित अवघड नसावं.

१७ मार्च, सोमवार
शंभरपैकी एकोणीस. मागच्या वेळी बावीस होते. प्रयोगाने तीन कमी केले.

१८ मार्च, मंगळवार
ऑपरेशन झालं. उजवा डोळा. वीस मिनिटं लागली. आजोबा पट्टी लावून बाहेर आले आणि म्हणाले, संपलं? याच्यासाठी दोन वर्षं भांडलात?
प्लॅन बी: फोटोच्या खोलीतला बल्ब काढून ठेवणे. काढला.

१९ मार्च, बुधवार, दुपार
दवाखान्यात पट्टी काढली. आजोबांनी आधी छताकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे. म्हणाले, तोंडावर एवढ्या पुटकुळ्या कधी आल्या तुला? चांगला दिसायचास. आत्याला म्हणाले, तू दमलेली दिसतेस गं. आत्याने तोंड फिरवलं.

४.३०
बल्बचा उपयोग झाला नाही. आजोबांनी फोटो गॅलरीत नेला.
बराच वेळ बघत होते. मग बोट भुवईवर ठेवलं. डाव्या भुवईत एक चीर आहे, तिच्यावर दाढी लावता येत नाही म्हणून ती राहून गेली होती. म्हणाले, ही खोक्याची पट्टी तुटून लागली होती मला. पॅकिंगला लागलो त्याच वर्षी. दाढीवर अंगठा ठेवून ती झाकली आणि परत बघितलं. म्हणाले, हा मी आहे.
कोणी ओरडलं नाही. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि चप्पल घालून बाहेर गेले. आत्या म्हणाली, मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय.
आजोबा एवढंच म्हणाले, की मी याला काही गोष्टी सांगितल्या होत्या. तुमच्या आईलाही न सांगितलेल्या. आणि फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला.

२० मार्च, गुरुवार
आजोबा बोलत नाहीत. मला वाईट वाटलेलं नाही. जेवण जात नाही, ते वेगळं. हवा तशी आहे.

२१ मार्च, शुक्रवार
माफीचं भाषण तयार केलं. तीन मुद्दे. पहिला मुद्दा, की यात डोळा तर बरा झाला. आजोबांसमोर उभा राहिलो. त्यांनी त्या नव्या डोळ्याने बघितलं. तिन्ही मुद्दे विसरलो. उजळणी करून उद्या सांगेन.

२२ मार्च, शनिवार
उजळणी झाली नाही.

२४ मार्च, सोमवार
सकाळी आठला आजोबांनी पांघरूण ओढलं. म्हणाले, ऊठ. कोणत्या ऑफिसात गेला होतास ते दाखव.
डॉक्टरांचा काळा चष्मा लावून चालत निघाले. अर्ध्या वाटेवर विचारलं, किती पानं बघितली होतीस? मी म्हटलं, बरीच. ते चालत राहिले. मी म्हटलं, अकरा. म्हणाले, मला गणितात अकराच पडले होते, तिसऱ्या खेपेला. तुझी आई सांगत होती, तू माझ्यापुढे पास होण्यासाठी हात जोडलेस. आधी विचारायचंस.
म्हणजे आई त्या दिवशी घरात होती.
गोंदकाकांनी माझ्याकडे बघून विचारलं, आज किती वेळ? आजोबा म्हणाले, ऑफिस बंद होईपर्यंत. डॉक्टरांनी वाचायला मनाई केलीय, त्यामुळे वाचायचं मी. आजोबा शेजारी बसून पान उलटतात. दोन पानं एकदम उलटली तर त्यांना दिसतं. आता सगळंच दिसतं.

२५ मार्च, मंगळवार
दुसरी वही. शिंका मोजणं सोडलं. लोकांची नावं, कोणाचं बाळ, कोण नोंदवायला आलं. एका पानावर एकाच घरातली तीन मुलं एका आठवड्यात गेलेली. मी ते न वाचता पुढे गेलो. आजोबा म्हणाले, वाच. कोणीतरी लिहिलंय ना. वाचलं.
दुपारी मी म्हटलं, सॉरी. एकही मुद्दा नव्हता. आजोबा म्हणाले, पुढचं पान.

२६ मार्च, बुधवार, दुपारी ३
सापडलं. मागच्या सालाची वही, पान त्रेचाळीस.
आजोबांचं नाव. त्यांच्या आईचं नाव. नऊ जानेवारी. म्हणजे आजोबांना जानेवारीतच एक्याऐंशी पूर्ण झाली. शाळेत घालताना कोणीतरी अंदाजे तारीख सांगितली असणार. हॉल मात्र ऐंशीचा बुक आहे. आत्याला कोण सांगणार, यावर आमचं बोलणं झालं नाही, पण आजोबा माझ्याकडे बघत होते.
वडिलांचा व्यवसाय: हमाल. मी तो शब्द जरा हळू वाचला. आजोबा म्हणाले, मोठ्याने वाच, मी हमालाच्याच खांद्यावर बसलो होतो.
सहीच्या जागी सही नव्हती. अंगठा होता. जांभळ्या शाईचा, थोडा तिरका, एका बाजूला जास्त दाबलेला. सहा भाषा माझ्या, दोन आत्याच्या, आणि माणसाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. आजोबा म्हणाले, तरी माझ्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी आले होते बघ. इथेच, या टेबलाशी कुठेतरी उभे राहिले असतील. आधी हात पुसला असेल.
मग त्यांनी आपला अंगठा त्या अंगठ्यावर ठेवला. गोंदकाका म्हणाले, रजिस्टरला हात लावायचा नाही. आजोबांनी काढला नाही. गोंदकाका बोटांवरचा गोंद सोलत खिडकीबाहेर बघायला लागले.

३.४०
मी म्हटलं, वृक्षासाठी मामाकडे या अंगठ्याची मोठी प्रिंट काढतो. शाई फुटलीय तिथे जरा साफ करतो, कडा नीट करतो. आजोबा म्हणाले, एक रेघ घालायची नाही, एक काढायची नाही. तसं तर मग काहीच काम उरत नाही.
नकलेसाठी फॉर्म भरायचा होता. मी पेन घेतलं. शेवटी संशोधन माझं आहे, सुरुवात मी केली होती. आजोबांनी पेन काढून घेतलं आणि अर्जदाराच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, ओळ न सोडता. नातं: मुलगा. मी गोंदकाकांना विचारलं, माझं नाव कुठे लिहायचं?
त्यांनी फॉर्म उलटा-सुलटा करून बघितला. म्हणाले, तुझं यात कुठे लागत नाही.