माझ्या पेशी

३ डिसेंबर २०१७, वरठी
आसगावहून आज सुगतच्या बिऱ्हाडी आले. आईने नव्या तांदळाचे पोहे बांधून दिले होते. बसथांब्यावर तो सायकल घेऊन उभा होता. डोळे पिवळेजर्द, तरी हसत होता. जुन्या काविळीने त्याचं लिव्हर घट्ट होत चाललंय. गावात सगळे दारूच समजतात. पोराने कधी थेंब घेतला नाही. डॉक्टर म्हणाले, बहिणीच्या हाडातून स्टेम सेल काढू. या मूळ पेशी म्हणे कुठल्याही अवयवाचं रूप घेतात. त्या लिव्हरात सोडल्या की ते पुन्हा मऊ होईल. मी लगेच हो म्हटलं. धाकटा भाऊ आहे माझा.

७ डिसेंबर
कमरेच्या हाडात सुई गेली तेव्हा अंधारी आली. सुगत बाहेर बाकावर रडत बसला होता, वेडा. संध्याकाळी माझ्या पेशी त्याच्या लिव्हरात सोडल्या.

२१ डिसेंबर
डोळे पांढरे झाले! मासळीचा रस्सा आणि भात मागून जेवला. मी आईला फोनवर सांगितलं आणि दोघी रडलो.

२ जानेवारी
सुगतच्या तोंडाला वास येतो. न धुतलेल्या, तेलकट वेणीसारखा. जेवताना त्याला ठसका लागला. घशात बोट घालून त्याने केस ओढला, तो निघतच राहिला. पित्ताने बुळबुळीत, कुरळा, माझ्या केसांएवढा लांब. मी मोरीत जाऊन ओकले. डॉक्टर म्हणतात, जेवणातून गेला असेल.

९ जानेवारी
उजव्या बरगडीखाली गोळा आलाय. डॉक्टरांनी छेद दिला. आतून दह्यासारखी घट्ट, पिवळी चरबी आली, आंबूस. तिच्यात केसांचा गुंता आणि एक दात. वाकडा सुळा. माझा आहे तसाच.
पेशी भरकटल्या म्हणे. नागपूरला नेऊन गोळा कापून काढावा लागेल. सुगत ऐकेना. पोटावर हात ठेवून म्हणाला, "काहून कापू? तुहाच तर आहे न तो, ताई."

१३ जानेवारी
सुगत बकऱ्याचं कच्चं काळीज खातो. हनुवटीवरून रक्त ओघळतं, पुसतही नाही. "त्याले भूक लागून राहिली," म्हणतो. त्याच्या ताटाशी बसवत नाही. माझाच भाऊ, आणि मला त्याची किळस—

१५ जानेवारी
दुपारी तो झोपला होता. तोंड उघडं. तरी दात खाण्याचा आवाज येत होता. पोटातून.
नागपूरला न्यायला शेजारच्या टिकारामची गाडी ठरवली. विचारणार नाही आता. उचलूनच नेऊ.

१६ जानेवारी
डाव्या हाताने लिहितेय. सकाळी त्याची जखम पुसत होते. टाका उसवला. आत गरम, ओलं— ओठांसारखं काही माझ्या बोटावर मिटलं. ओढलं तर पेर आतच राहिलं. सुगत ओरडला नाही. पोट कुरवाळत म्हणाला, "गोड लागलं त्याले."
बोटाला बांधलेलं फडकं भिजलंय. गाडी आली. टिकाराम हॉर्न वाजवतोय—
सुगत दार अडवून उभा आहे. सदरा उघडा. टाके सगळे—
त्याचे ओठ मिटलेले आहेत. तरी पोटातून हाक येतेय. ताई म्हणून नाही, माझ्या नावाने. रत्नमाला, रत्नमाला— आवाज त्याचा नाही, माझाच—