दादाच्या होडीला मुंबईची पुट्टी

१२ ऑगस्ट १९६१, देवगड
रजेवर घरी. दादाचा पाय दुखावलेला, खाटेवरच असतो. त्याने एकच काम सांगितलं: नारळी पौर्णिमेआधी होड्यांचं काम करणाऱ्या सुताराला, भाई मेस्ताला, बोलावून होडीच्या फटी भरून घे. मेस्त आला की फटींत कापूस ठोकणार, वर राळ आणि उंडीचं तेल लावणार. आजोबांच्या काळचं! मी मुंबईत कंत्राटदाराचा स्टोअरकीपर. खिडकीच्या काचा बसवायची पुट्टी डबाभर आणली आहे. दादाने होडी वल्हवून माझं शिक्षण केलं. त्याची होडी मीच दुरुस्त करणार. मेस्ताला सांगून आलो, असं दादाला सांगितलं. चांगल्या कामासाठी आहे, खोटं धरू नये.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. काम बंद. राष्ट्रीय सण.

१७ ऑगस्ट
सगळ्या फटी दाबून भरल्या. वहिनी होडीभोवतीच्या माडाच्या झापांच्या आडोशाशी आली. "भावजी, मेस्त खंय आसा?" आत्ताच जेवायला गेला म्हटलं.

१९ ऑगस्ट
या हवेत पुट्टी वाळेना. बोट आत जातं. खरवडून सिमेंट कालवलं. आयडिया!

२१ ऑगस्ट
दगड झालाय, दगड. वहिनीने मेस्तासाठी सुकी सुंगटं, भाजलेली कोळंबी, दिली. त्याच्या दारापर्यंत गेलो, पण देणार काय म्हणून? परत येताना स्टँडवर बसून खाल्ली. चव लागली नाही. उद्या दादाला खरं सांगायचंच.

२२ ऑगस्ट
दादा खुशीत होता. विषय काढला नाही.

२५ ऑगस्ट
रिवाजाप्रमाणे होडी आदल्या दिवशी खाडीत लोटली, फळ्यांनी पाणी प्यावं म्हणून. फळ्या फुगतात म्हणे. फुगू देत, एक थेंब आत आलेला नाही.

२६ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
फळ्या फुगल्या. सिमेंट दबेना. दोन फळ्या सांध्यातून उखडल्या, होडी खाडीच्या तळाला बसली. सगळ्यांच्या होड्या सजलेल्या, आणि आमची चिखलात. दादा काठी टेकत आला, मेस्ताला म्हणाला, "भाई, ह्या काय केलंस रे?" मेस्त म्हणाला, "माका कोणी बोलावल्यान?" दादाने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांदेखत म्हणाला, "मियाच सिमेंट भरूक सांगितलंय तेका. चूक माझी." मी वाळूकडे बघत राहिलो. तोंड उघडायला हवं होतं. खूप गर्दी होती.
या मोसमात दादा दुसऱ्याच्या होडीवर जाणार. तसला पाय घेऊन.

२७ ऑगस्ट, सकाळ, एस.टी. स्टँड
रजा शिल्लक आहे, पण ऑफिसात माझ्यावाचून अडत असेल. मुंबईहून सविस्तर पत्र लिहून सगळं कबूल करीन, समोरासमोर दादाला फार लागेल.
दादा लंगडत सोडायला आला. म्हणाला, "मेस्ताची माफी मागून आयलंय. आता तुका कोण काय म्हणूचो नाय."
मी "बरं" म्हणालो.