व्हिनेगरचं वाण

वेलचेरी, चेन्नई
फेब्रुवारी २००९

ती. सौ. वन्संना नमस्कार.

यंदा आमच्या इथल्या मराठी महिला मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाला स्टीलची वाटी दिली नाही. त्या पैशांत प्रत्येकीची गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी केली. कल्पना माझी. फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही हसलात. "व्हिनेगर लावून? बायकांचं लोणचं घालणार की काय?"

हो, व्हिनेगरच. ते लावलं की बिघडलेली जागा पांढरी दिसते. सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी करणारी मंडळातली सावनी म्हणाली, "काकू, त्यापेक्षा मुलींना या कर्करोगावरची नवी लस देऊ या." लस चांगलीच आहे, पण इतकी महाग की आमच्या पैशांत जेमतेम एका मुलीची झाली असती. आणि त्यांच्या आयांचं काय? मी तपासणीवर अडून बसले.

दवाखान्यात मात्र सगळ्या भिंतीला चिकटून उभ्या. तंजावरच्या वसंताअक्का म्हणाल्या, "अय्यो, अगोदर तुम्ही जावा, मग आम्ही." मी गेले. पांढरा डाग माझ्यातच निघाला. कर्करोग नव्हे, त्याच्या आधीची पायरी. डॉक्टरांनी तो तिथेच गोठवून टाकला. बाहेर येऊन मी सगळ्यांना खणखणीत आवाजात सांगितलं. त्यानंतर एकही बाई तपासणीवाचून घरी गेली नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही रडाल, नवस बोलाल, मला 'बिचारी' म्हणाल. इथे मला कोणी बिचारी म्हणत नाही. फोनवर विचारलंत तर एवढंच सांगेन: वन्सं, लोणचं झकास झालं, आणि पहिली फोड माझी होती.

तुमची हट्टी वहिनी,
प्रमिला