या परत

५ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सल्ल्याचं काय झालं ते ऐक. दुकान विकून घरी बसलास नि वहिनीचं डोकं खातोस, त्यापेक्षा रुग्णालयात सेवा कर, म्हणजे स्वतःच्या घराची किंमत कळेल, असं तूच ऐकवलं होतंस ना? कळली हो किंमत! आज भर फाटकात माझी शोभा झाली.

मी इथे चाकाची खुर्ची ढकलतो. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका गृहस्थांना आज घरी सोडलं. त्यांना गाडीत बसवलं, हातात पिशवी दिली. आता हातात पिशवी दिल्यावर माझ्या तोंडून काय निघणार? सारा जन्म चपलांच्या दुकानात गेला. मी हसून म्हणालो, "या परत!"

त्यांची बायको गाडीतून उतरून भांडली. मग मोठ्या सिस्टरनेही झापलं. पुन्हा असं बोललात तर येऊ नका म्हणाली. मी तर उद्यापासूनच जात नाही. पण घरी तरी काय आहे? कोपऱ्यावर पाव आणायला निघालो तरी तुझी वहिनी मागून ओरडते, लवकर या हो परत. मी काय कुक्कुलं बाळ आहे? नुसता वैताग आहे सगळा.

लहानांना पापा. तुझा लोभ आहे तेवढा पुरे, सल्ला नको.

दादा

१२ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की ह्यांना वाटलं मला ठसका लागला. अरे, आजाऱ्याला कुणी परत बोलावतं का?

तरी सेवा सोडू नकोस. तू पुन्हा दिवसभर घरात बसलास तर वहिनी बॅग भरून माझ्याकडे येणार आहे, तसं तिने कळवलंय. माझ्या घरात जागा नाही आणि तुझ्या घरी तिच्याशिवाय तुला चहाची साखर सापडायची नाही. तेव्हा तोंडात गोळी धर आणि गप्प खुर्ची ढकल.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस अ. आ.

गोळ्या चघळून दाढ दुखायला लागली. खुर्चीचं एक चाक डावीकडे ओढतं, कितीदा सांगितलं तरी कुणी बघत नाही. लिफ्ट बंद. त्यात खिडकीजवळच्या खाटेवरची कंडक्टरबाई. बसमध्ये जन्मभर लोकांना पुढे सरकवलं, आता महिनोन् महिने स्वतः पडून आहे. माझा किस्सा तिने अख्ख्या वॉर्डला सांगितला.

रोज मला जवळ बसवून विचारते, आज घरी काय बिनसलं? मी सांगतो, नळ गळतो, भाजी खारट झाली, वरचे लोक खुर्च्या सरकवतात. मी चिडून सांगतो आणि ही बाई खूश होऊन अजून सांगा म्हणते! माझ्या कटकटीत हिला एवढं काय गोड लागतं, देव जाणे. काल वहिनीच्या हाकेचं सांगितलं, तर विचारते, ती हाक जिन्यात कुठपर्यंत ऐकू येते? मला काय ठाऊक! मी कधी ऐकत थांबलोय? तिच्या घरी मागून हाक मारणारं कुणी नाही, असं सिस्टर म्हणाली.

वहिनीला यातलं काही कळवू नकोस. बाकी मजेत, म्हणजे नाहीच.

दादा

२० जुलै

चि. धाकटीस अ. आ.

कंडक्टरबाईला आज घरी सोडलं. बरी झाली म्हणून नव्हे. आता औषधांचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी तिच्या भाचीला सांगितलं. तिलाही सगळं ठाऊक होतं.

मीच फाटकापर्यंत नेलं. सगळे काळजी घ्या म्हणत होते. मी हातात पिशवी दिली आणि दात आवळून मागे सरलो. तर ती माझ्यावरच उखडली. साऱ्या दुनियेला म्हणालात, मी काय कमी प्रतीचं गिऱ्हाईक आहे का, म्हणाली. मोठी सिस्टर शेजारी उभी होती. काढतील तर काढू देत, म्हटलं, आणि दुकानात म्हणायचो तसं मोठ्याने म्हणालो, या परत! ती हसली गं. मग गाडी गेली.

मी भयंकर चिडलोय. कुणावर ते समजत नाही. एवढंच लिहितो.

दादा

१ ऑगस्ट

सौ. वन्संस स. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, पण ह्यांचं काहीतरी बिघडलंय. रुग्णालयातून काढलेलं नाही, मोठी सिस्टर एक शब्द बोलली नाही म्हणे, रोज जातात. पण निघताना पायात चपला घालून दारातच उभे राहतात. काय विसरलं विचारलं तर काही नाही म्हणतात. परवा तेवढ्यात माझं दूध उतू गेलं. शेवटी मीच वैतागून म्हणाले, अहो निघा आता, आणि लवकर या परत. तेव्हा कुठे स्वारी हलली!

काल तर कहर झाला. अर्ध्या जिन्यातून ओरडून सांगितलं, इथे नीट ऐकू आलं नाही, पुन्हा म्हण. शेजारणी दार उघडून बघायला लागल्या. मला मेलीला लाज लाज झाली. तुम्हाला काही उमगत असेल तर कळवा. जीव आहेच आपला एकमेकींवर, तो राहू द्या.

तुमची वहिनी

ता. क. पुरं करते. दारात उभे आहेत.