विहीणबाईंचं नाव

तळवली, घणसोली
१२ नोव्हेंबर २०२५

चि. मनस्वीस,
बाबांचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मिनेसोटात बर्फ सुरू झाला असेल, कानटोपी घाल, फॅशन नंतर. आमच्या होणाऱ्या जावयांना, तोउरावांनाही सांग.

तुमच्या लग्नाच्या पत्रिका आपल्याच दुकानात छापल्या. तोउच्या आईने, पा कू विहीणबाईंनी, आपलं नाव लाओसच्या डोंगरांतून तिकडे आलेल्या त्यांच्या ह्मोंग लोकांच्या लिपीत टाइप करून पाठवलं होतं, ते जसंच्या तसं उचललं. माझ्या कॉम्प्युटरवर छान दिसलं. छपाईच्या जुन्या मशिनीवर गेलं आणि नावाच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग उमटली. घाईत माझ्याही लक्षात आलं नाही. शेजारचे हौसेराव तर म्हणाले, “भगवान, नक्षी झकास हाय!”

बरं, आईचं रुसणं तुझ्यापासून किती दिवस झाकू? मी फोनवर “आई बाजारात गेलीय” म्हणतो ना, तेव्हा ती शेजारीच बसलेली असते. तोउचं नाव ऐकल्यापासून तिने लग्नाच्या कशाला हात लावला नाही, पत्रिकेत स्वतःचं नावही टाकू दिलं नाही. पण गावदेवीपुढे पहिली पत्रिका ठेवायची ती आईनेच. म्हणून मुकाट्याने तिच्या पुढ्यात ठेवली.

“ह्या चौकटी कसल्या?” तेव्हा कुठे मी नीट पाहिलं.

“विहीणबाईंचं नाव. मशिनीला वाचता आलं नाही.”

“मंग देवीला कसा वाचता येल?” पत्रिका माझ्या हातात कोंबली. “माझे लग्नाचे पत्रिकेत माझे आयचा नाव नव्हता. हिचा तरी नीट टाक. नायतर मी देवलात जानार नाय.”

पोरी, सहा महिन्यांत तुझ्या लग्नाबद्दल ती बोलली ते एवढंच.

दुकानातला केतन म्हणाला, “काका, नावाचा फोटो चिकटवा, टेन्शन खल्लास.” म्हटलं, चित्रातल्या भाकरीने पोट भरतं का रे? मला अक्षरं अक्षरं म्हणूनच हवी होती. मग बसलो खणत. जगातल्या प्रत्येक अक्षराला कॉम्प्युटरसाठी ठरलेला नंबर असतो. आपल्या ‘क’चा चार अंकी. ह्मोंग अक्षरं यादीत फार उशिरा आली, त्यांचा पाच अंकी. आमच्या म्हाताऱ्या मशिनीला चारच्या पुढे मोजता येत नाही! जुनं सॉफ्टवेअर काढलं, नवं घातलं, त्या लिपीचा मोफत फॉन्ट उतरवला. म्हातारपणी पुन्हा बाराखडी गिरवली म्हण. ही लिपी एका न शिकलेल्या शेतकऱ्याने घडवली म्हणे. मग मला का जमू नये?

आज नाव उमटलं, अक्षरांच्या डोक्यावरच्या, सूर वर-खाली दाखवणाऱ्या खुणांसकट. नमुना सोबत आहे. विहीणबाईंना एकेक खूण तपासायला सांग. चुकली असेल तर सगळा गठ्ठा पुन्हा छापीन, पण चौकट एकही राहणार नाही.

तुझे,
बाबा

थांब, आई पेन ओढतेय.

मनू, विहीनबाईना सांग, तुमचे नावाचे शेजारी आता माझा पन नाव हाय, मीच पेनानं लिवलाय. मी देवलात निंगाले.
तुझी आय,
पुतळा